अंगावर काढलेलं

आमच्या घरात ताप मोजायचा नाही, असा नियम होता.
मोजला की आकडा येतो,
आकडा आला की काहीतरी करावं लागतं.
आई मनगटाची उलटी बाजू कपाळाला टेकवायची
आणि म्हणायची, "कोमट आहेस."
सगळं लहानपण आम्ही कोमट होतो.

आर्कान्साच्या डोंगराळ कोपऱ्यात, कोंबड्यांच्या कारखान्यामागे
चाकं काढून ठेवलेलं आमचं ट्रेलरघर.
आई रात्रपाळीत पंख कापायची,
आठवड्याला एकोणतीस तास.
तिसाव्या तासाला कंपनीचा विमा लागू व्हायचा,
म्हणून एकोणतिसाव्याला सुपरवायझर अगदी मायेनं म्हणायचा,
"दमलीस वर्लीन, जा आता घरी."

शाळेच्या फॉर्मवर विमा क्रमांकाची चौकट असायची.
तिथे आई आडवी रेघ मारायची,
पट्टी लावून,
वाकडी गेलेली चालायची नाही तिला.

ओडेल अक्रोडाच्या झाडावरून पडला तेव्हा सात वर्षांचा होता.
"बोटं हलव."
हलली.
"मग मोडलेलं नाही."
टोमॅटोच्या खोक्याच्या दोन फळ्या, वरून चिकटपट्टी.
हात जुळून आला, जसा यायचा तसा.

माझी दाढ सुजली. लवंगेचं तेल झालं, मिठाचं पाणी झालं.
दात काढायला पैसे लागतात,
अंगावर काढायला नाही.
मग आईनं माशांच्या गोळ्या आणल्या,
डबीवर सोनेरी मासा, खाली बारीक अक्षरांत
माणसांसाठी नाही.
दुकानदारानं पुढच्या खेपेला विचारलं, "कसे आहेत मासे?"
"बरे आहेत," आई म्हणाली. "शाळेत गेलेत."

आता मी एक्केचाळीस वर्षांची आहे.
तालुक्याच्या नोंदणी कचेरीत नोकरी,
पाकिटात कार्ड, कार्डावर माझं नाव.
रांगेत उभी असले की चाचपून बघते,
आहे.
गेल्या वर्षी अपेंडिक्स फुटलं.
नर्सनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय?
तीन, म्हणाले.
शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी झाले असतील फुटून,
सहन कसं केलंत?
सहन कुठे केलं? मला वाटलं, हे तीनच.
आमच्याकडे चारपासून बिल सुरू व्हायचं.

आणि मार्चमध्ये टॅम्झिन उडी मारताना पडली,
शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवरून, थेट कोपरावर.
मी धावले. जवळ घेण्याआधी
माझ्या तोंडून आईचा आवाज आला,
"बोटं हलव."
नऊ वर्षांची पोर, माझ्याकडे बघत राहिली.
"नाही हलवणार! दुखतंय! हॉस्पिटलात ने मला!"
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली,
आकडे विचारायच्या आत स्वतःच म्हणाली
दहा, अकरा, शंभर.
मला राग आला तिचा.
खोटं कशाला बोलू, आधी रागच आला.

काउंटरवर मी कार्ड दोन्ही हातांनी दिलं.
पोरीनं ते एका हातानं घेतलं, न बघताच.

आईलाही बोलावलं होतं. ती प्लास्टिकच्या खुर्चीत
पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती,
कुणीतरी आता उठवेल अशी.
टॅम्झिनला आत नेल्यावर बऱ्याच वेळानं,
समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली,
"त्या थँक्सगिव्हिंगला तुला एकशे चार होता."
"मोजला होतास?"
"मनगटाला कळतं."
पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही
तेव्हा रात्रभर ती दाराशी का बसली होती,
गाडीची किल्ली मुठीत धरून.

ओडेल आला. आईसाठी मशीनमधून कॉफी काढली.
खालच्या खाचेत सुटे पैसे खुळखुळले,
आणि ते घ्यायला
त्यानं नेहमीसारखा
सगळा खांदा वळवला.